खारं पाणी, अकरा महिने

वीकएंडला समुद्र बघणं वेगळं आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याचं भाडं भरणं वेगळं. बुलढाण्याच्या चष्म्यातून अलिबागच्या भाड्याच्या घराकडे एक नजर.

बुलढाणा जिल्ह्यात समुद्र सोडून सगळं आहे, असं म्हणायला हरकत नाही. घाट आहे, विदर्भात शोभणार नाही इतकी थंड हवा आहे, सिंदखेडराजा आहे, शेगाव आहे आणि शेगावची कचोरीही आहे. हट्टच धरला तर खारं पाणीसुद्धा आहे. लोणारला उल्केनं बेसॉल्टच्या खडकात पाडलेला १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, त्याच्या तळाशी खारं, अल्कधर्मी सरोवर. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशाला आमच्या जिल्ह्याचं नाव पाठ झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. पण लोणारच्या पाण्याला भरती येत नाही. काठावर बाल्कनी टाकून 'लेक व्ह्यू'चं भाडंही कुणी मागू शकत नाही, कारण तो सगळा परिसर अभयारण्य आहे आणि तिथली जुनी देवळं संरक्षित आहेत. त्यामुळे बुलढाण्याच्या पोराला खऱ्या समुद्राकाठी राहायचं असेल तर मलकापूर स्टेशन गाठायचं, रात्रीची गाडी पकडायची आणि पाचशेएक किलोमीटर पश्चिमेला जायचं, याला दुसरा इलाज नाही.

जाणारे जातातही. पूर्वी जायचे ते बदलीवर. बँकवाले, वीज मंडळवाले, झेडपीचे मास्तर, थळच्या खत कारखान्यातले इंजिनीअर. आता त्यात लॅपटॉपवाल्यांची भर पडलीय. २०२० नंतर ज्यांचं ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस बोलावतं, त्यांनी पुण्या-मुंबईच्या वन रूम किचनचा हिशोब मांडला आणि ठरवलं, त्याच पैशात समुद्र का नको? फंडा बरोबर आहे. फक्त या हिशोबात काही रकाने राहून जातात.

अलिबागच का? तर जिल्ह्याचं ठिकाण आहे, कोर्ट-कचेरी, हॉस्पिटल, कॉलेज आहे आणि तरी गाव अजून गावच आहे. सकाळी चालत निघालात तर बाजार, तळं आणि किनारा तासाभरात फिरून होतो. मुंबई समोरच आहे, पण मध्ये पाणी आहे. अलिबागला आजही पॅसेंजर ट्रेन येत नाही. जवळचं मोठं स्टेशन पेण, तिथून पुढे रस्ता. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्यापर्यंत रो-रो सुरू झाली. गाडीसकट बोटीत चढायचं आणि तासाभरात मांडवा, तेव्हापासून मुंबईकर सॉलिड सुटलेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यावर तर मुंबईच्या पोटातून थेट उरणच्या बाजूला उतरता येऊ लागलं. रस्ता जवळ आला की भाडं वर जातं. आपण हेवा वाटून घेण्यापलीकडे काही करू शकत नाही.

'अलिबागसे आया है क्या?' हे वाक्य इथल्या लोकांना मनापासून झोंबतं. त्यावर बंदी घाला म्हणून प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं होतं, २०१९ मध्ये कोर्टानं ती याचिका फेटाळली. बुलढाणेकरांना या दुखण्याची चांगली कल्पना आहे. आपल्या गावाचं नाव विनोदात वापरलं जाणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

आडनावाचा इंटरव्ह्यू

घर बघायला गेलात की पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. पहिला प्रश्न, "कुठले तुम्ही?" बुलढाणा म्हटलं की, "म्हणजे नागपूरकडे का?" नागपूर आमच्याहून साडेतीनशे किलोमीटर लांब आहे, हे सांगण्यात अर्थ नसतो. दुसरा प्रश्न आडनावाचा. किनाऱ्यावरच्या माणसाला किनाऱ्यावरची आडनावं पाठ असतात. आडनाव ऐकलं की आळी कळते आणि आळी कळली की बाकीचं सगळं. वऱ्हाडातलं आडनाव या कोष्टकात बसत नाही. मग समोरचा माणूस जरा घोटाळतो आणि तिसरा प्रश्न टाकतो, "तुम्ही खाता का?"

हे 'खाणं' म्हणजे मासे खाणं. काही आळ्यांमध्ये 'नाही' म्हटलं तरच घर मिळतं. कोळीवाड्याच्या बाजूला 'नाही' म्हटलं तर कीव करतात. गंमत म्हणून हे सांगायला ठीक आहे, पण या प्रश्नांच्या आडून जात विचारली जाते, हे सगळ्यांना कळतं. विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला, दोघांनाही. मुस्लिम मुलाला 'खोली कालच गेली' हे उत्तर मिळतं आणि दुसऱ्या दिवशी दारावर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी तशीच असते. एकट्या मुलीला 'तुमच्याकडे येणार-जाणार कोण?' असं तोंडावर विचारतात. लहान गावात राहायचं म्हणजे शांतता मिळते, हे अर्धंच खरं आहे. आपल्याकडे कोण आलं हे आपल्या आधी शेजाऱ्यांना कळतं, हे उरलेलं अर्धं. बुलढाण्यातही हेच असतं म्हणा. फक्त तिथे शेजारची काकू आपल्या आईची मैत्रीण असते.

ओळख काढणं हाच यावर चालणारा इलाज. आधीच्या बदलीवाल्याचा फोन नंबर, ऑफिसातला शिपाई, नाक्यावरचा किराणावाला. साइटवर फोटो टाकलेली घरं बहुतेक टुरिस्टांसाठी असतात. राहायची घरं तोंडी फिरतात.

मे महिना सोडून

आता मुद्द्याचं. समुद्रकाठच्या गावात भाडेकरूचा खरा स्पर्धक दुसरा भाडेकरू नसतो. खरा स्पर्धक असतो टुरिस्ट. साधं गणित करा. समजा, एक खोली रात्रीला अडीच हजारानं जाते. महिन्यातले चार वीकएंड, शुक्रवार-शनिवार धरून आठ रात्री, झाले वीस हजार. तुम्ही महिनाभर राहून देणार आठ हजार. मालकानं तुम्हाला खोली का द्यावी?

कारण टुरिस्ट पावसाळ्यात येत नाही. जून ते सप्टेंबर खोली रिकामी राहिली तर तिला बुरशी चढते, कौलं सरकतात, पंप जाम होतो. तेव्हा मालकाला हवा असतो माणूस. म्हणून जूनमध्ये तुमचं स्वागत होतं आणि नोव्हेंबर उजाडला की आवाज बदलतो. "दिवाळीत आमचे पाहुणे येतात, चार दिवस जरा जमवा." मग नाताळ. मग ३१ डिसेंबर. मग "मे महिना सोडून राहा ना, तुम्ही तसेही गावी जाल." माझ्या एका घरमालकांनी हे इतक्या प्रेमानं सांगितलं होतं की अर्धी बॅग भरून झाल्यावर मला कळलं, भाडं मात्र मे महिन्याचंही द्यायचंय! सामान तिथेच राहणार होतं ना.

हसू येतं, पण ज्याला कुठे जायला घर नाही त्याची गोष्ट निराळी आहे. हॉटेलात काम करणारी पोरं, नर्सिंगच्या मुली, वॉटर स्पोर्ट्सवाल्यांकडे सीझनपुरती आलेली मंडळी. यांना कामच मुळी डिसेंबर आणि मे महिन्यात असतं आणि नेमकं त्याच महिन्यांत डोक्यावर छप्पर नसतं. गावातल्याच नवीन लग्न झालेल्या जोडप्याला वेगळी खोली घ्यायची तर तीही याच रांगेत. ज्या घरातल्या खोल्या टुरिस्टांना जातात, त्या घरातला मुलगा सीझनमध्ये पडवीत झोपतो, हेही मी पाहिलंय. तेव्हा घरमालक म्हणजे व्हिलन, असं चित्र काढू नका. दोन नारळ-सुपारीची झाडं आणि चार खोल्या हेच त्याचं वर्षाचं उत्पन्न असतं.

यातून वाट निघते ती आधी बोलून. गणपतीत मुंबईची भावंडं येणार, तर कुठली खोली त्यांची आणि कुठली तुमची? सीझनमध्ये घर सोडायचं असेल तर त्या महिन्याचं भाडं नाही, हे लिहून घ्यायचं. आणि सोडायचं नसेल तर तेही लिहून घ्यायचं.

लिहून घ्यायचं म्हणजे काय

अकरा महिन्यांचं गूढ आधी सोडवू. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. कागद छोटा, खर्च नाही. पण महाराष्ट्रात ही पळवाट केव्हाच बंद झालीय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, अंमल ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि भाडेकरूच्या कामाची गोष्ट पुढे आहे. करार नोंदवलेला नसेल आणि भांडण झालं, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. 'आपल्यात कशाला कागद' म्हणणाऱ्या मालकांना हे हळूच सांगून बघा. चेहरा बघण्यासारखा होतो.

खर्च म्हणाल तर किरकोळ. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवायचं. भाडं आठ हजार, डिपॉझिट तीस हजार, मुदत अकरा महिने. अठ्ठ्याऐंशी हजार आणि वर साधारण पावणेतीन हजार, त्याचा पाव टक्का म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात हजार, ग्रामीण भागात पाचशे. सगळं ऑनलाइन होतं, आधारवर अंगठा दिला की झालं. पोलिसांना भाडेकरूची माहितीही ऑनलाइन देता येते.

पण कायदा मालकाच्या बाजूनंही तितकाच कडक आहे. मुदत संपली की घर सोडायचं. कलम २४ प्रमाणे नंतरही ठाण मांडून बसलात तर भाड्याच्या दुप्पट रक्कम मोजावी लागते. तेव्हा 'कोर्टात बघून घेईन' हा डायलॉग जपून वापरा.

करारात किनाऱ्यापुरत्या काही गोष्टी मुद्दाम घाला. विहिरीच्या पंपाची दुरुस्ती कुणाची? पावसाआधी कौलं कोण शाकारणार? सबमीटर असेल तर युनिटचा दर काय? आणि नारळ कुणाचे? शेवटचा प्रश्न थट्टेचा नाही. वाडीतल्या घरात भाडं घराचं असतं, झाडाचं नसतं. मात्र नारळ पडतो तो तुमच्या गाडीच्या काचेवर. पाडेकरी बोलावून वेळेवर नारळ उतरवून घ्यायचे, हे मालकाकडून आधीच कबूल करून घ्या.

गंज, बुरशी आणि पाण्याचा प्रश्न

बुलढाण्याला वर्षाला सातआठशे मिलिमीटर पाऊस पडला तर बरं वर्ष. अलिबागला सरासरी दोन हजारांच्या वर. आमच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं भाकीत सांगतात आणि अख्खा वऱ्हाड कान टवकारतो. पाऊस येईल का, हा तिथला प्रश्न. अलिबागला प्रश्न असतो, पाऊस थांबेल का आणि थांबला तर चड्ड्या वाळतील का?

पहिल्या पावसाळ्यात लेदरचे बूट हिरवे होतात. पुस्तकांना वास येतो. मीठ दगड होतं, बिस्किटं कापूस होतात. कपाटात लहान बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती अजून चालते. खारा वारा बारमाही असतो, त्यामुळे मोटारसायकलची चेन, गॅसची शेगडी, खिडकीच्या बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं युनिट यांचं आयुष्य आपल्या अंदाजापेक्षा कमी धरायचं. समुद्र दिसणारं घर म्हणजे गंजणारं घर. दोनचार गल्ल्या आत घ्या, फरक दिसेल. संध्याकाळी चालत जायला पाच मिनिटं लागली म्हणून समुद्र काही पळून जात नाही.

वीज जाते तीही पावसाळ्यात. झाड पडतं, तार तुटते. ज्यांची नोकरी व्हिडिओ कॉलवर चालते त्यांनी इन्व्हर्टरशिवाय घर घेऊच नये. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. काही गावांना वीज परत यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' येऊन गेलं. त्या दिवसांत आमच्या घरून फोन, "काहून रे, समुद्र घरात तं नाही ना शिरत?" समुद्र शिरत नाही. पत्रे उडतात. म्हणून घर बघताना छपराकडे बघा. सिमेंटचा स्लॅब असेल तर उन्हाळ्यात भाजाल पण वादळात झोपाल. कौलारू असेल तर उलट.

पाण्याची गोष्ट बुलढाण्याच्या माणसाला सांगावी लागत नाही. येळगाव धरणाची पातळी बघून ज्यांच्या घरी ड्रम भरले जातात, ते कुठल्याही घरात शिरले की आधी नळ सोडून बघतात. इथेही तेच करा. दोन हजार मिलिमीटर पावसाचा प्रदेश, तरी एप्रिल-मेमध्ये कोकणात टँकर फिरतात. पाऊस उतारावरून सरळ समुद्रात जातो, जमिनीत थोडाच मुरतो. किनाऱ्याजवळच्या विहिरी जास्त उपसल्या की गोडं पाणी संपून खारं आत सरकतं. मे महिन्यात टुरिस्ट जास्त, उपसाही जास्त. चहा फाटला की समजायचं. घर ठरवण्याआधी शेजाऱ्यांना एकच विचारा, "मे महिन्यात विहिरीचं पाणी कसं असतं?" मालकाला विचारू नका.

तिथीनं चालणारं घड्याळ

एवढं सगळं सोसून मिळतं काय? एक उदाहरण देतो. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण भिंतीवर कालनिर्णय असेल तर मोबाइल काढायची गरज नाही. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जायचं तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या सुमाराला. अष्टमीला पाणी धड भरत नाही आणि धड उतरतही नाही, तेव्हा चालत जायच्या भरवशावर राहू नका. वीकएंडवाल्यांना हे कळत नाही. ते शनिवार बघून येतात, समुद्र तिथी बघून येतो. भाडेकरूला सहा महिन्यांत हे अंगवळणी पडतं आणि मीटिंग कधी संपवायची हे आपोआप कळू लागतं.

खाण्याचं तसंच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याआधी गावात आगोटीची खरेदी चालते. सुकट, सुके बोंबील, मसाला, पांढऱ्या कांद्याच्या माळा. इथल्या या कांद्याला जीआय मानांकन आहे, इतका गोड की आमच्या ठेच्याबरोबर खाल्ला तर ठेचाच लाजतो. ज्वारी मिळते, पण दळणारा चक्कीवर आधी तांदूळ दळतो आणि मग तुमची ज्वारी टाकतो, त्यामुळे भाकरी अर्धी कोकणी होते. शेजारच्या मावशींना तुरीचं घट्ट वरण चालतं. शेवभाजीचा तिखटपणा चालत नाही. त्यांच्याकडून वाटीत कालवण येतं, आपल्याकडून वाटीत काहीतरी जायलाच हवं. रिकामी वाटी परत करायची नाही, हा नियम बुलढाण्यात आणि अलिबागमध्ये सारखाच आहे.

घर शोधायला डिसेंबरात जाऊ नका. तेव्हा प्रत्येक घर सुंदर असतं आणि प्रत्येक भाडं टुरिस्टाचं असतं. जुलैत जा, चांगला पाऊस लागलेला असताना. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून बघा, ओल किती आहे कळेल. माजघरात उभं राहून वर बघा, कुठे बादली ठेवलीय ते दिसेल. कपाटाचं दार उघडून वास घ्या. दुपारी लाइट गेली तर किती वेळानं येते ते तिथेच बसून मोजा. तोवर मालकीणबाई चहा टाकतीलच. चहा पीत पीत मे महिन्याचा विषय काढायला ही वेळ बरी असते.